ऐकू येते, पण कळत नाही : आंतरकर्णातील बिघाड आणि ध्वनीचे कालज्ञान

जिल्हा रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात येणारे वयस्क रुग्ण आपली तक्रार बहुधा एकाच वाक्यात मांडतात : ‘ऐकू येते, पण कळत नाही.’ घरातील मंडळींना हे वाक्य विसंगत वाटते. आजोबांना दारावरची थाप ऐकू येते, कुकरची शिट्टी ऐकू येते. मग लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या नातवाचे बोलणेच तेवढे का कळत नाही? अनेकदा त्याचा अर्थ दुर्लक्ष, हट्ट किंवा वार्धक्यातील विसराळूपणा असा लावला जातो. वास्तविक ही तक्रार शास्त्रीयदृष्ट्या अगदी अचूक आहे. आंतरकर्णातील बिघाडामुळे ध्वनी केवळ क्षीण होत नाही, तर त्याची कालरचनाही विस्कटते. कोणता आवाज आधी, कोणता नंतर, मधली शांतता किती, याचा तपशील मेंदूपर्यंत पुरेशा स्पष्टपणे पोहोचत नाही. आपल्याकडील श्रवणदोषाचे मोजमाप, प्रमाणपत्र आणि सवलती मात्र प्रामुख्याने डेसिबल या एकाच परिमाणावर आधारलेल्या आहेत. विज्ञान व तंत्रज्ञान तसेच सामाजिक न्याय या दोन्ही अभ्यासघटकांच्या दृष्टीने हा विषय महत्त्वाचा असल्याने त्याचा थोडा तपशिलात विचार करू.

भाषेतील काळ

बोलणे म्हणजे काळाच्या अतिशय लहान तुकड्यांवर उभारलेली रचना होय. मराठीतील ‘कार’, ‘खार’, ‘गार’ आणि ‘घार’ हे चार शब्द मोठ्याने म्हणून पाहावेत. जिभेची जागा चारही शब्दांच्या आरंभी एकच आहे. ‘कार’ म्हणताना जीभ टाळूपासून सुटल्यावर साधारणतः दोन-तीन शतांश सेकंदांत स्वरतंतूंचे कंपन सुरू होते. ‘खार’ म्हणताना हा विलंब जवळजवळ तिप्पट होतो आणि मधल्या वेळात केवळ हवेचा झोत ऐकू येतो. ‘गार’ म्हणताना कंपन जीभ सुटण्यापूर्वीच सुरू झालेले असते. अमेरिकेतील हॅस्किन्स प्रयोगशाळेशी संबंधित ली लिस्कर आणि आर्थर एब्रॅमसन यांनी १९६४ मध्ये अकरा भाषांतील हा विलंब मोजला. त्या अकरा भाषांत हिंदी, तमिळ यांच्याबरोबर मराठीचाही समावेश होता. हिंदी आणि मराठीच्या बाबतीत त्यांना एक अडचण आली, ती अशी की ‘ग’ आणि ‘घ’ यांतील भेद या एका मापाने उलगडत नाही. ‘घ’चे वेगळेपण जीभ सुटल्यानंतरच्या श्वासमिश्रित कंपनात असते. आपल्या वर्णमालेतील वर्गांची मांडणी किती सूक्ष्म श्रवणावर उभी आहे, याची यावरून कल्पना यावी.

शांततेचेही तसेच आहे. ‘मका’ आणि ‘मक्का’ या शब्दांत वेगळा वर्ण नाही. फरक आहे तो ‘क’पूर्वी आवाज किती काळ अडवून धरला याचा. शतांश सेकंदात मोजावा लागणारा हा विराम ज्याला नीट जाणवत नाही, त्याला वाक्याच्या संदर्भावरून शब्द ओळखावा लागतो, आणि संदर्भ सुटला की संभाषणही सुटते.

दिशा ओळखण्यासाठी तर याहून सूक्ष्म कालमापन लागते. डावीकडून येणारा आवाज डाव्या कानाला आधी आणि उजव्या कानाला नंतर पोहोचतो. डोक्याची रुंदी आणि ध्वनीचा सेकंदाला सुमारे ३४० मीटर हा वेग लक्षात घेता हा फरक जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद इतकाच असतो. निरोगी कान व मेंदू यांना अनुकूल परिस्थितीत सुमारे १० मायक्रोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या एक लाखाव्या भागाचा फरकही जाणवतो. कमी वारंवारतेच्या ध्वनीची दिशा या कालफरकावरून आणि उच्च वारंवारतेच्या ध्वनीची दिशा दोन कानांतील तीव्रतेच्या फरकावरून ओळखली जाते, हा सिद्धांत लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये मांडला. रस्ता ओलांडताना मागून येणारी दुचाकी कोणत्या बाजूने येत आहे, हे आपण मान न वळवता सांगू शकतो ते याच आधारावर.

आंतरकर्णातील घड्याळ

कर्णपटलाची कंपने मध्यकर्णातील तीन लहान अस्थींमार्फत आंतरकर्णातील कर्णावर्तात पोहोचतात. गोगलगाईच्या शंखासारख्या वेटोळे घेतलेल्या या नलिकेत द्रव असतो आणि तिच्या लांबीभर एक पातळ पटल पसरलेले असते. ध्वनीमुळे या पटलावर लाट उठते. उच्च वारंवारतेची लाट नलिकेच्या तोंडाशीच शिखर गाठते, तर कमी वारंवारतेची लाट आतल्या टोकापर्यंत जाते. या प्रवाही लाटेच्या शोधाबद्दल गेओर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पटलावर केशपेशींच्या रांगा असतात. बाह्य केशपेशी तीन रांगांत, सुमारे १२ हजार; आंतर केशपेशी एकाच रांगेत, सुमारे साडेतीन हजार. दोहोंच्या कामातील भेद परीक्षार्थींनी विशेष लक्षात ठेवावा. बाह्य केशपेशी स्वतः आकुंचन-प्रसरण पावून क्षीण ध्वनी वाढवतात, मोठ्या ध्वनीला फारसे वाढवत नाहीत आणि पटलावरील प्रत्येक जागेची निवडक्षमता तीक्ष्ण ठेवतात. मेंदूकडे संदेश पाठविण्याचे मुख्य काम आंतर केशपेशींचे आहे. श्रवणचेतेतील सुमारे ३० हजार तंतूंपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक तंतू त्यांनाच जोडलेले असतात.

आता काळाचा प्रश्न. ५०० हर्ट्झच्या स्वराचे एक आवर्तन दोन मिलिसेकंदांत पूर्ण होते. श्रवणचेतेचा एखादा तंतू प्रत्येक आवर्तनाला संदेश देऊ शकत नाही. परंतु जेव्हा देतो तेव्हा आवर्तनाच्या ठरावीक टप्प्यावरच देतो. असे अनेक तंतू आळीपाळीने काम करतात आणि त्यांच्या एकत्रित संदेशांतून मूळ लय मेंदूला मिळते. एका सैनिकाची बंदूक भरेपर्यंत दुसऱ्याने गोळी झाडावी, तशी ही व्यवस्था आहे; अर्नेस्ट वेव्हर यांनी १९३० च्या दशकात मांडलेल्या सिद्धांताला इंग्रजीत बंदुकींच्या सरबत्तीवरूनच नाव मिळाले. प्राण्यांवरील प्रयोगांत ही तालबद्धता साधारण चार-पाच हजार हर्ट्झपर्यंत आढळते. त्यापुढे ती विरत जाते.

म्हणजे कानाकडे काळाची दोन प्रकारची माहिती असते. एक, आवाजाच्या तीव्रतेचे सावकाश होणारे चढउतार. यांना ध्वनीचे आवरण म्हणतात. शब्दावयव, विराम, बोलण्याची लय हे सारे आवरणात येते. दुसरी, त्या आवरणाच्या आतील जलद कंपनांची सूक्ष्म कालरचना. तिच्यावरून स्वराची उंची, दिशा आणि दोन आवाजांतील वेगळेपण कळते. १९९५ मध्ये रॉबर्ट शॅनन व सहकाऱ्यांनी बोलण्यातील सूक्ष्म रचना काढून टाकून केवळ चार पट्ट्यांतील आवरण श्रोत्यांना ऐकवले. शांत खोलीत त्यांना बहुतेक सारे बोलणे समजले. शांत खोलीत, हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत.

बिघाड झाल्यावर काय होते

वार्धक्य, गोंगाट, काही औषधे, संसर्ग किंवा आनुवंशिक कारणांनी सामान्यतः प्रथम बाह्य केशपेशींची हानी होते. सस्तन प्राण्यांत नष्ट झालेल्या केशपेशी पुन्हा निर्माण होत नाहीत. बाह्य केशपेशी गेल्या की क्षीण आवाज ऐकू येईनासे होतात; पण मोठे आवाज पूर्वीइतकेच मोठे भासतात. म्हणूनच ‘जरा मोठ्याने बोला’ म्हणणारे आजोबा आपण आवाज चढवताच ‘ओरडू नका’ म्हणतात. त्यांच्या दृष्टीने ऐकू न येणे आणि असह्य होणे यांतील पट्टाच अरुंद झालेला असतो.

येथे एक मनोरंजक विरोधाभास आहे. भौतिकशास्त्राचा नियम असा की, जी यंत्रणा वारंवारता अधिक काटेकोरपणे निवडते ती अधिक काळ कंप पावत राहते. उत्तम घंटा बराच वेळ घुमते, फुटके भांडे लगेच थांबते. बिघडलेल्या कानाची निवडक्षमता सैल होते. मग त्याचे कालज्ञान उलट सुधारायला हवे! प्रयोगांत याचा काही अंश खराही ठरतो. आवाजातील लहानशी खंड ओळखण्याची चाचणी घेतली तर निरोगी कानाला साधारण दोन-तीन मिलिसेकंदांची खंड कळते. शुद्ध स्वर पुरेसा मोठा करून दिला तर आंतरकर्णाचा दोष असलेले अनेक जण या चाचणीत फारसे मागे पडत नाहीत. आंतरकर्णाच्या दोषाने कालज्ञान सरसकट नष्ट होते, असे जे ढोबळ विधान काही मार्गदर्शक पुस्तकांत आढळते, ते म्हणून बरोबर नाही.

परंतु जगात शुद्ध स्वर क्वचितच ऐकू येतात. ज्या आवाजाची तीव्रता सतत अनियमितपणे हेलकावते, त्यात दोष असलेल्या कानाला हे हेलकावे वाजवीपेक्षा मोठे भासतात, कारण मोठे आवाज दाबून व लहान आवाज उचलून धरणारी बाह्य केशपेशींची व्यवस्था उरलेली नसते. त्यामुळे खरी खंड आणि नैसर्गिक हेलकावा यांत गल्लत होते. शिवाय एका मोठ्या आवाजानंतर कान पूर्वस्थितीला येण्यास अधिक वेळ लागतो. जोरकस स्वरानंतर येणारे हलके व्यंजन या सावलीत झाकले जाते. ‘भात’ आणि ‘भाप’ यांतील शेवटचा वर्ण ऐकूच येत नाही, असे नव्हे. तो आधीच्या ‘आ’च्या छायेत सापडतो.

सर्वांत गंभीर हानी सूक्ष्म कालरचनेच्या आकलनाची होते. २००६ मध्ये ख्रिस्तियाँ लॉरेंझी, केंब्रिजचे ब्रायन मूर व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आवरण आणि सूक्ष्म रचना वेगवेगळ्या करून ऐकवण्यात आल्या. मध्यम श्रवणदोष असलेल्या व्यक्तींना आवरणावरून बोलणे निरोगी व्यक्तींप्रमाणेच समजले. सूक्ष्म रचनेवरून मात्र त्यांची कामगिरी फारच खालावली. याचा परिणाम गोंगाटात दिसतो. पार्श्वभूमीचा गोंगाट एकसारखा नसतो. शेजाऱ्याच्या बोलण्यातही क्षणाक्षणाला विराम येतात. निरोगी श्रोता या फटींतून डोकावून हवे ते शब्द टिपतो, आणि फटीत मिळालेला तुकडा कोणाच्या आवाजाचा हे सूक्ष्म रचनेवरून ठरवतो. दोष असलेल्या श्रोत्याला हा लाभ अल्प मिळतो. गोंगाट आणि बोलणे यांच्या पातळीतील एका डेसिबलच्या फरकाने वाक्य समजण्याचे प्रमाण दहा टक्क्यांहूनही अधिक बदलू शकते, हे ध्यानात घेतले म्हणजे पंगतीतील आजोबांची अडचण उलगडते.

आलेख चांगला, श्रवण वाईट

काही रुग्णांत केशपेशी शाबूत, आणि तरीही काळाची माहिती नष्ट, अशी स्थिती असते. १९९६ मध्ये अर्नोल्ड स्टार व सहकाऱ्यांनी अशा दहा रुग्णांचे वर्णन करून या विकाराला श्रवणचेताविकृती हे नाव दिले. बाह्य केशपेशींतून निघणारा क्षीण प्रतिध्वनी मोजणारी ओएई चाचणी (या प्रतिध्वनीचा शोध डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये लावला) त्यांच्यात उत्तम येते. परंतु चेतातंतूंचे संदेश एकाच वेळी सुटत नसल्याने मेंदूच्या प्रतिसादाची ‘बेरा’ चाचणी सपाट येते. शुद्ध स्वर ऐकू येण्याची पातळी बरी असूनही बोलणे जवळजवळ समजत नाही. आवाज आहे, घड्याळ नाही, अशी ही अवस्था.

भारताच्या दृष्टीने याचे महत्त्व विशेष आहे. या विकाराच्या प्रमुख कारणांत नवजात बालकांची तीव्र कावीळ आणि अकाली जन्म यांचा समावेश होतो. जिल्हा रुग्णालयांतील नवजात शिशु काळजी कक्षांत नेमकी हीच बालके दाखल होतात. त्यांची तपासणी केवळ स्वस्त व झटपट ओएई यंत्राने केली तर ती ‘उत्तीर्ण’ ठरतात आणि दोष दोन-तीन वर्षांनी, मूल बोलत नाही म्हणून उघडकीस येतो. भाषा रुजण्याचा मोलाचा काळ तोवर निघून गेलेला असतो. अतिदक्षता कक्षात पाच दिवसांहून अधिक राहिलेल्या बालकांसाठी बेरा पद्धतीची तपासणी करावी, अशी शिफारस अमेरिकेतील बालश्रवणविषयक संयुक्त समितीने २००७ मध्येच केली आहे. आंतर केशपेशींतून संदेश सुटण्यासाठी लागणाऱ्या ओटोफर्लिन या प्रथिनाच्या जनुकातील दोष हेही या विकाराचे एक कारण आहे. त्यावरील जनुकोपचारात शांघाय येथे सहापैकी पाच बालकांना श्रवण प्राप्त झाल्याचे २०२४ च्या आरंभी प्रसिद्ध झाले.

गोंगाटाविषयीची समजूतही बदलत आहे. मोठ्या आवाजानंतर काही तास कान बधिर होतात व पुन्हा पूर्ववत होतात, म्हणून हानी झाली नाही, असे पूर्वी मानले जाई. शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी २००९ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दाखवून दिले की, श्रवणपातळी पूर्ववत झाल्यावरही आंतर केशपेशी व चेतातंतू यांच्यातील जोडांपैकी निम्म्यापर्यंत जोड काही भागांत कायमचे नष्ट झालेले असतात. मृत्यूनंतर तपासलेल्या मानवी कानांतही केशपेशी टिकून असताना वयानुसार चेतातंतू घटलेले आढळले आहेत. जिवंत माणसात ही हानी निश्चितपणे मोजण्याची पद्धत अद्याप सर्वमान्य झालेली नाही. तरीही ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० मधील मर्यादांकडे, निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, शांतता क्षेत्रात अनुक्रमे ५० व ४०, केवळ झोपमोडीचा प्रश्न म्हणून पाहता येणार नाही. मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी कान ‘मोकळे’ झाले म्हणजे सारे ठीक, ही खात्री आता देता येत नाही.

मोजमाप आणि कायदा

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात सुमारे १५० कोटी लोकांना कमी-अधिक श्रवणदोष असून ४३ कोटींना पुनर्वसनाची गरज आहे. भारतात २०११ च्या जनगणनेत सुमारे ५०.७ लाख व्यक्तींची श्रवणविकलांग म्हणून नोंद झाली. राष्ट्रीय बधिरता प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम २००६-०७ मध्ये २५ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बधिरतेच्या तपासणीचा समावेश आहे. मैसूर येथील अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था (१९६५) आणि मुंबईतील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था (१९८३) या क्षेत्रातील प्रमुख संस्था होत.

१९९५ च्या कायद्यात चांगल्या कानात ६० डेसिबल किंवा अधिक हानी म्हणजे श्रवणविकलांगता, अशी व्याख्या होती. तिच्या जागी आलेल्या दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विकलांगतेचे प्रकार सातवरून एकवीस झाले. दोन्ही कानांत ७० डेसिबल हानी असल्यास बधिर आणि ६० ते ७० डेसिबल हानी असल्यास श्रवणक्षीण, अशी विभागणी झाली. कलम ३४ नुसार शासकीय नोकऱ्यांत किमान चार टक्के आरक्षण असून त्यांतील एक टक्का या गटासाठी आहे. तरतूद स्वागतार्ह आहे. पण तिची मोजपट्टी क्षीण स्वर किती ऐकू येतो एवढेच विचारते. ४५ डेसिबल हानी असलेला, शांत तपासणी खोलीत प्रश्नांची उत्तरे देणारा आणि वर्गातील गलक्यात एकही वाक्य न कळणारा विद्यार्थी या मोजपट्टीच्या बाहेर राहतो. श्रवणचेताविकृती असलेल्यांची गत याहून कठीण. त्यांचा आलेख त्यांच्याच विरोधात साक्ष देतो.

श्रवणयंत्रांच्या बाबतीतही हेच. यंत्र आवाज वाढवते. हरवलेले कालज्ञान परत देत नाही. शासकीय योजनेतून मिळालेले यंत्र कपाटाच्या खणात पडून राहते, त्यामागे अपेक्षाभंगाचा वाटा मोठा आहे. कर्णावर्तरोपणासाठी एडिप योजनेत २०१४ मध्ये प्रत्येकी सहा लाख रुपयांपर्यंतची तरतूद करण्यात आली. हे उपकरण प्रामुख्याने आवरण पोहोचवते. त्यामुळे त्याच्या साहाय्याने मूल बोलणे शिकते, मात्र गाण्यातील सूर त्याला अवघड जातात. यंत्र व रोपणाला पूरक म्हणून वर्गात शिक्षकाच्या तोंडाजवळ बिनतारी मायक्रोफोन, उघड्या भिंतींचा घुमारा कमी करणारे पडदे, समोरून व थोडे थांबून बोलणे हे उपाय उपयोगी ठरतात. पत्र्याच्या छपराखाली पावसाळ्यात भरणाऱ्या वर्गात तर घुमारा आणि गोंगाट दोन्ही एकत्र येतात.

गोंगाटातील आकलन मोजणाऱ्या चाचण्या उपलब्ध आहेत. गोंगाटात उच्चारलेले आकडे ओळखण्याच्या चाचणीवर आधारित मोबाईल उपयोजन जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आणले. अशी चाचणी दुसऱ्या भाषेतून जशीच्या तशी उचलता येत नाही. मराठीत ‘एक’, ‘दोन’, ‘तीन’, ‘चार’, ‘पाच’, ‘सात’, ‘आठ’ यांचा उच्चार एका झटक्यात संपतो, तर ‘सहा’ आणि ‘नऊ’ दोन झटक्यांत. गोंगाटात वर्ण न ओळखताही केवळ झटके मोजून हे दोन आकडे ओळखता येतात. प्रत्येक आकड्याची पातळी स्थानिक श्रोत्यांवर पडताळून स्वतंत्रपणे बसवावी लागते, आणि हे काम प्रत्येक भारतीय भाषेसाठी वेगळे करावे लागते.